मजकूर एआयचा, पण माल तुमचा: दुकानाचं लिखाण सगळ्यांसारखं का होतंय?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एआयकडून दुकानाचे मेसेज कसे लिहून घ्यायचे ते पाहिलं. त्यात बटणं कुठली दाबायची आणि काय टाइप करायचं एवढंच सांगून झालं. त्यामागचं कारण राहून गेलं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त कामाचं आहे. म्हणून आजचा लेख जरा मोठा आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा निवांत वाचा.

आधी एक छोटं काम करा. फोनमधले मागच्या दिवाळीचे मेसेज काढा. दुकानांचे, बँकेचे, विमा एजंटचे, कोचिंग क्लासचे. खालचं नाव अंगठ्याने झाका आणि कुठला मेसेज कोणाचा ते ओळखून दाखवा. प्रकाशाचा मंगलमय सण, सुख-समृद्धी, भरभराट, आपला विश्वास हीच आमची संपत्ती. हे सराफाचं आहे की चपलेच्या दुकानाचं? नाही सांगता येत. पूर्वी हे मेसेज फॉरवर्ड व्हायचे, आता एआय लिहून देतं. त्यामुळे शुद्धलेखन बरोबर असतं, पणत्यांचे इमोजीही जागच्या जागी असतात. पण नाव झाकलं की दुकान गायब!

लिहिणं सोपं झालं की सगळ्यांचं सारखं का होतं? आणि त्यात आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराचं काय जातं? आजचा विषय एवढाच.

नंबर सांगा, शुभेच्छा पाठवा

हे काही पहिल्यांदा घडत नाहीये. घरातल्या मोठ्या माणसांना तारेबद्दल विचारा. तारेला शब्दांवर पैसे पडायचे. म्हणून शुभेच्छांसाठी तार खात्याने तयार वाक्यांची यादीच केली होती आणि प्रत्येक वाक्याला नंबर दिला होता. लग्नाचा एक नंबर, दिवाळीचा एक, ईदचा एक. तुम्ही काउंटरवर नंबर सांगायचा, तारेतून तो नंबर जायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य कागदावर उतरायचं. पाठवणाऱ्याचे पैसे वाचायचे, खात्याचं कामही झटपट व्हायचं.

आता कल्पना करा, लग्नघरी अशा वीस तारा आल्या. वाक्य तेच. मग लोक वाक्य वाचणार का? खाली नाव कोणाचं आहे तेवढं बघणार. मजकुराची किंमत शून्य, किंमत फक्त आठवण ठेवल्याची.

पण याच तारेने दुसरी गोष्टही शिकवली. ज्याला स्वतःचा निरोप पाठवायचा असेल, तो प्रत्येक शब्द तोलून लिहायचा. कारण फालतू शब्दाला पैसे पडत. म्हणजे यंत्र एकच, पण एकाने त्यातून तयार वाक्य उचललं आणि दुसरा त्याच्यामुळे नेमकं लिहायला शिकला. आपल्याकडे तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण हे दोन रस्ते प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुन्हा समोर येतात.

फाळक्यांनी जाहिरात कशी केली

आता थोडं मागे, मुंबईला जाऊया. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आधी त्यांची चित्रं राजेरजवाडे आणि श्रीमंतांकडे असायची. छापखान्यामुळे लक्ष्मी आणि सरस्वती साध्या माणसाच्या भिंतीवर आली. हा फायदा मोठाच होता. आणि त्याबरोबर दुसरंही झालं: असंख्य घरांतली लक्ष्मी एकाच चेहऱ्याची झाली. आजही लक्ष्मी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे रूप येतं, त्यात त्या छापील चित्रांचा मोठा वाटा आहे.

या छापखान्यात काम केलेला एक माणूस पुढे वेगळंच करून बसला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई, जादूचे प्रयोग, हे सगळं त्यांनी केलं होतं. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन चित्रपटाचं तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. कॅमेरा परदेशातला, तंत्र परदेशातलं. गोष्ट मात्र इथल्या माणसाला पाठ असलेली.

आपल्या धंद्याच्या दृष्टीने पुढचा किस्सा महत्त्वाचा आहे. सिनेमाच्या इतिहासात तो नेहमी सांगितला जातो. सिनेमा सुरतेला लागला, पण गल्ला जमेना. कारण सरळ होतं. लोकांना कमी पैशांत कित्येक तासांचं नाटक बघायची सवय होती. तीन आणे देऊन एवढा छोटा खेळ कोण बघणार? फाळक्यांनी भाव कमी केला नाही. जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! मग गर्दी झाली.

इथे बघा काय झालं. त्यांनी 'अप्रतिम', 'अद्वितीय', 'अविस्मरणीय अनुभव' असलं काही म्हटलं नाही. गिऱ्हाईकाच्या मनातली तक्रार ओळखली: पैशाच्या मानाने कमी मिळतंय. आणि त्याच तक्रारीला आकड्यात उत्तर दिलं. हे उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते तिकीट खिडकीवर होतं.

(दोन मैल मात्र जरा ताणलेलेच होते. सिनेमा साधारण ३,७०० फुटांचा सांगितला जातो, म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. आज असं लिहिलं तर काय होईल ते पुढे सांगते.)

एआय नेमकं करतं काय?

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर अशी बरीच साधनं आली. आतून सगळ्यांचं काम ढोबळमानाने सारखंच चालतं. अफाट मजकूर वाचून या यंत्राने एक गोष्ट शिकलेली असते: इतके शब्द आल्यावर पुढे कुठला तुकडा येण्याची शक्यता जास्त आहे. तो तुकडा ते लिहितं, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर, हा असा नोकर समजा ज्याने देशभरातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती वाचल्यात, पण तुमच्या दुकानात एक दिवसही उभा राहिलेला नाही. त्याला सांगितलं, 'तव्याची जाहिरात लिही', तर तो काय लिहिणार? सगळे लोक तव्याबद्दल जे लिहितात तेच. ही त्याची चूक नाही. तुम्ही त्याला वेगळं काही सांगितलंच नाही, म्हणून सगळ्यात जास्त वापरलेली वाट तो धरतो.

मराठीत हे जास्त जाणवतं. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार कमी आहे. शिवाय ही यंत्रं शब्दांचे तुकडे करून काम करतात आणि देवनागरीतल्या शब्दाचे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त तुकडे पडतात. त्यामुळे मराठी येतं, पण इंग्रजीचं भाषांतर केल्यासारखं येतं. ही वाक्यं ओळखीची वाटतात का बघा:

- हे फक्त एक भांडं नाही, तर एक परंपरा आहे.
- चला, आपल्या स्वयंपाकघराला देऊया एक नवी ओळख!
- दर्जा आणि विश्वास यांचा अनोखा संगम.

तुमच्या काउंटरवर कधी कुणी असं बोललंय का? 'ताई, मला एक परंपरा दाखवा' म्हणून कोणी आलंय? मग आपण तरी तसं का लिहायचं?

२०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात यावर एक चांगला अभ्यास आला. सुमारे ३०० लोकांना छोटी, आठ वाक्यांची गोष्ट लिहायला दिली. काहींना काहीच मदत नाही, काहींना एआयकडून एक कल्पना, काहींना पाचपर्यंत कल्पना. मग त्या गोष्टी दुसऱ्या लोकांकडून वाचून घेऊन गुण दिले. निकाल दोन भागांत आहे, आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

एक: एआयची मदत घेतलेल्या गोष्टींना जास्त गुण मिळाले, आणि ज्यांना मुळात फार सुचत नाही त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. दोन: मदत घेतलेल्या गोष्टी एकमेकींसारख्या व्हायला लागल्या.

आता हे बाजारात ठेवून बघा. गल्लीत तुम्ही एकटेच एआय वापरत असाल तर तुमची जाहिरात उठून दिसेल. पण शेजारचा वापरतो, समोरचा वापरतो, ऑनलाइनवाला तर केव्हापासूनच वापरतोय. मग प्रत्येकाचं लिखाण पूर्वीपेक्षा बरं, आणि तरी कोणाचंच लक्षात राहत नाही.

छोट्या दुकानाचं काय जातं?

मोठ्या कंपनीचं फार काही जात नाही. त्यांच्याकडे भाव आहे, डिलिव्हरी आहे, टीव्हीवर जाहिरात आहे. दहा मिनिटांत घरी सामान येतंय. आपण भावात त्यांच्याशी भांडू शकत नाही. मग गिऱ्हाईक आपल्याकडे का येतं? कारण आपण सांगतो. 'वहिनी, हा नका घेऊ, तुमच्या गॅसवर डगमगेल.' 'काका, मागच्या वेळी कुकर पाच लिटरचा नेला होतात ना? मग शिट्टी याची लागेल.' हे बोलणं हाच आपला खरा माल आहे. ते बोलणं लिखाणात आलं नाही आणि त्याच्या जागी 'अनोखा संगम' आला, तर जे एकच आपल्याकडे जास्त होतं तेच आपण हाताने काढून टाकलं.

अजून एक नुकसान आहे, ते लगेच दिसत नाही. स्वतः लिहायला बसलं की आपण मालाकडे नीट बघतो. हा तवा दुसऱ्यापेक्षा महाग का? लोक परत येऊन कशाची तक्रार करतात? दोन ओळी लिहिण्यासाठी हे आठवावं लागतं. कधी कधी तर कळतं की आपल्याला उत्तर माहीतच नाही, मग आपण होलसेलरला फोन लावतो. सगळं एआयवर सोडलं तर जाहिरात तयार होते, पण हा विचार होतच नाही. दुकानात नवीन मुलगा असेल तर त्याचं नुकसान जास्त. तो माल ओळखायला शिकायच्या आधीच मालाचं कौतुक कॉपी-पेस्ट करायला शिकतो.

पण मग वापरायचंच नाही का?

तसं अजिबात नाही! ही बाजू पण नीट बघूया.

लिहिण्याचं प्रत्येक साधन आलं तेव्हा लिहिणाऱ्यांची गर्दी वाढली. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. छापखाना नसता तर ते शक्य नव्हतं. टाइपरायटर मराठीत आला तेव्हा जोडाक्षरांनी दमवलं, कारण कळा मोजक्या आणि आपली जोडाक्षरं भरपूर. नंतर कॉम्प्युटर आला, तरी पत्रक हवं तर डीटीपीवाल्याकडे जावं लागायचं, कारण फॉन्ट त्याच्याकडे. त्याच्या फॉन्टमधलं दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं. युनिकोड आणि मोबाइलचा कीबोर्ड आला, मग बोलून टाइप करणं आलं, आणि दुकानदार स्वतः मराठी लिहायला लागला.

एआय त्याच रांगेतलं पुढचं साधन आहे. माझ्या क्लासला सातवीपर्यंत शिकलेल्या बायका येतात. मसाले, पापड, कुरडया करतात, हात सोन्याचे. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने चार ओळी लिहीत नाहीत. त्या आता फोनमध्ये बोलतात आणि यंत्र नीट लिहून देतं. त्यांना 'एआय वापरू नका' म्हणणं म्हणजे 'गप्प बसा' म्हणणं आहे. मी ते म्हणणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: यंत्राने लिहिण्याचं कष्टाचं काम स्वस्त केलंय. पण सांगण्यासारखं काय आहे, ते तुमच्याकडूनच जायला पाहिजे. आधी माल, मग मशीन.

एक उदाहरण: बिडाचा तवा

माझं भांड्यांचं दुकान आहे, म्हणून उदाहरण तिथलंच घेते. एआयला नुसतं 'बिडाच्या तव्याची व्हॉट्सअ‍ॅप जाहिरात मराठीत लिही' म्हटलं तर साधारण असं येतं:

'आरोग्यदायी स्वयंपाकाची परंपरा आता आपल्या घरी! उत्कृष्ट दर्जाचा, टिकाऊ आणि पारंपरिक बिडाचा तवा. आजच खरेदी करा आणि अनुभवा अस्सल चव!'

चूक काही नाही. पण यात 'तवा' काढून 'कढई' घाला, 'पातेलं' घाला, काही फरक पडत नाही.

आता काउंटरवर लोक काय विचारतात ते बघा. घावन चिकटणार नाही ना? गंजतो का? इंडक्शनवर चालतो का? एवढा जड का? साबणाने घासायचा का? या प्रश्नांची उत्तरं आपण दिवसातून चारदा देतो. तीच उत्तरं फोनमध्ये जशी बोलतो तशी बोलायची आणि मग यंत्राला सांगायचं: 'हे माझं बोलणं आहे. माझेच शब्द ठेव, फक्त क्रम लाव, पुन्हा आलेलं काढ. नवीन विशेषण घालू नकोस. मी न सांगितलेला कुठलाही फायदा लिहू नकोस.' मग असं काहीतरी हातात येतं:

'बिडाचे तवे आलेत, दहा आणि बारा इंची.
पहिले तीन-चार घावन फाटतील, घाबरू नका. तवा अजून तेल प्यायलेला नाही. थोडं तेल लावून तापवत राहा, आठवडाभरात सुटायला लागतात.
धुतलात की लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज धरतो. चिंच-टोमॅटोचं आंबट यात शिजवू नका.
तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, आणि हातातून पाडू नका. बीड तडकतं.
बूड सपाट आहे, इंडक्शनवर चालतो. मनगट दुखत असेल तर दहा इंचीच घ्या, बारा जड होईल.
घरातला जुना तवा चिकटत असेल तर घेऊन या, बघून सांगते.'

यात तव्याचे दोषही आहेत ना? पहिले घावन फाटतात, गंज धरतो, जड आहे. पण हेच वाचून माणूस विश्वास ठेवतो. आणि नेल्यानंतर 'तवा खराब निघाला' म्हणून परत आणणाऱ्यांना आधीच उत्तर मिळालेलं असतं. शेवटची ओळ तर ऑनलाइनवाला लिहूच शकत नाही.

इथे यंत्राने काय केलं? क्रम लावला, पसारा कमी केला. पुढे त्यालाच सांगा, याचं हिंदी करून दे, स्टेटससाठी तीन ओळींचं कर, दुकानात लावायच्या कार्डाइतकं कर. या कामात ते खरंच वाकबगार आहे.

लिहिलं यंत्राने, नोटीस कोणाला?

हा भाग गंभीरपणे वाचा. यंत्राला गोड बोलायची सवय असते, आणि त्या भरात ते न विचारलेले दावे करतं. जांभळाच्या बियांच्या पावडरची जाहिरात मागा, ते सहज 'मधुमेह बरा होतो' असं काहीतरी घालून देऊ शकतं. आपल्याकडे १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. मधुमेहासारखे ठरावीक आजार बरे होतील अशी औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होते, जाहिरात थांबवायला लावतात आणि दंडही होऊ शकतो. फाळक्यांचे दोन मैल त्या काळात चालून गेले, आज टेप घेऊन मोजणारा भेटेल.

'मी नाही, एआयने लिहिलं' हे उत्तर चालत नाही. कॅनडात याचा निकालच लागलाय. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. घरातल्या माणसाच्या निधनामुळे तो प्रवास करत होता. प्रवास झाल्यावर सवलत मागता येईल असं बॉट म्हणाला, कंपनीचा नियम मात्र उलटा होता. कंपनीने असाही मुद्दा मांडला की बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आमच्यावर येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या लवादाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. वेबसाइट तुमची, तर त्यावरचं बोलणंही तुमचं. दुकानाच्या नंबरवरून गेलेल्या मेसेजचंही तसंच समजा.

त्यामुळे पाठवण्याआधी चार गोष्टींवर बोट ठेवून वाचा: भाव, तारीख, वॉरंटी आणि आरोग्याचा दावा. या चारपैकी एकही गोष्ट तुम्ही स्वतः सांगितलेली नसेल तर ती काढून टाका.

कुठे वापरायचं, कुठे नाही

बिनधास्त द्या अशी कामं:

- होलसेलरला किंवा कंपनीला इंग्रजी-हिंदीत मेल.
- भावपत्रक नीट मांडणं, मोठ्या मेसेजचं छोटं करणं.
- शुद्धलेखन तपासणं.
- 'या मजकुरात गिऱ्हाईकाला काय कळणार नाही?' असं विचारून स्वतःचंच लिखाण तपासून घेणं. हा वापर फार कमी लोक करतात आणि तो सगळ्यात उपयोगी आहे.

स्वतःच करायची कामं:

- उधारीची आठवण. कोणाला कुठल्या शब्दांत सांगायचं ते तुम्हालाच माहीत. एकाला 'दादा, जमलं तर बघा' पुरतं, दुसऱ्याला आकडा आणि तारीख लिहावी लागते.
- तक्रारीचं उत्तर. गरम डोक्याने लिहिलं असेल तर यंत्राकडून भाषा मऊ करून घ्या, पण काय झालं आणि आपण काय करून देणार हे तुमच्या शब्दांत पाहिजे.
- गिऱ्हाईकाच्या घरी दुःखाची बातमी असेल तेव्हाचा मेसेज. दोन ओळी पुरतात. त्या सांधेदुरुस्ती न करता, जशा येतील तशा पाठवा. शक्य असेल तर फोनच करा.

गल्ल्याशेजारची वही

आता या आठवड्याचा गृहपाठ. शंभर पानी वही घ्या, गल्ल्याशेजारी ठेवा. पानावर तीन रकाने पाडा: गिऱ्हाईकाने काय विचारलं, कुठल्या शब्दांत विचारलं, आणि आपण काय उत्तर दिलं. दिवसाला तीनच नोंदी.

मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गिऱ्हाईक 'नॉनस्टिक कोटिंग टिकाऊ आहे का' असं विचारत नाही, 'याचं काळं निघत नाही ना?' असं विचारतं. 'कल्हई सेवा उपलब्ध आहे का' म्हणत नाही, 'कल्हईवाला येतो का हो तुमच्याकडे?' म्हणतं. हे शब्द तुमच्या गल्लीतले आहेत आणि ते कुठल्याही यंत्राने वाचलेले नाहीत. जाहिरातीची पहिली ओळ त्यातूनच घ्या.

महिनाभरात नव्वद नोंदी होतील. मग एके दिवशी त्यातल्या एका मालाच्या सगळ्या नोंदी फोनमध्ये वाचून दाखवा आणि वर सांगितलेली सूचना द्या. जो मजकूर येईल तो पाठवायच्या आधी एक परीक्षा घ्या: दुकानाचं नाव झाकून घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, 'हे कोणाचं वाटतं?' 'तुझंच की, तू असंच बोलतेस' असं उत्तर आलं तर पाठवून द्या. 'कुठल्या तरी कंपनीचं असेल' असं आलं तर वही परत उघडा.

तुमच्या वहीतली सगळ्यात मजेशीर नोंद मला नक्की पाठवा. पुढच्या व्हिडिओत दोन दुकानांच्या वह्या घेऊन त्यांचे मेसेज आपण समोरासमोर बसून तयार करणार आहोत. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि दिवाळीचा मेसेज या वेळी वहीतूनच लिहा.